तारीख ठेवा, नाहीतर 'आहे' ठेवा

'अर्ज १२ मार्चला पाठवला आहे.' या मराठी वाक्याला कुणी नावं ठेवणार नाही. तारीख आहे, काम झालेलं आहे, आणि आता पुढचं तुम्ही बघा असा हलकासा तगादाही त्या 'आहे'मध्ये आहे. इंग्रजीत मात्र ही दोन्ही एका घरात नांदत नाहीत. 'द ॲप्लिकेशन हॅज बीन सेंट' चालतं. 'द ॲप्लिकेशन वॉज सेंट ऑन ट्वेल्थ मार्च' चालतं. 'हॅज बीन सेंट ऑन ट्वेल्थ मार्च' म्हटलं की ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो माणूस अडखळतो. तारीख ठेवायची असेल तर 'आहे' सोडावा लागतो, 'आहे' ठेवायचा असेल तर तारीख.

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. कथा-कविता नाही, अहवाल, पत्रव्यवहार, कुणाचा बायोडेटा, संस्थांच्या स्मरणिका असा रोजचा मजकूर. सिंपल पास्ट घ्यायचा की प्रेझेंट परफेक्ट, हा प्रश्न त्यात दर दोन-चार ओळींनी उभा राहतो. बरीच वर्षं मी तो कानावर सोपवला होता. कान तसा बरा होता. पण कानाला कारण देता येत नाही, आणि माझी भाषांतरं तपासणाऱ्या संपादक बाईंना कारण हवं असायचं. "तुला बरोबर वाटतंय ना, वाटू दे. पण का वाटतंय?" त्या 'का'च्या मागे लागून मी काय काय केलं ते सांगते.

सुरुवात अर्थातच शाळेतल्या व्याख्येपासून. क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर प्रेझेंट परफेक्ट, पूर्वी कधीतरी झाली असेल तर सिंपल पास्ट; हॅव किंवा हॅज आलं की क्रियापदाचं तिसरं रूप. यातला शेवटचा भाग बिनचूक आहे. पहिल्या भागातला 'नुकतीच' हा शब्द मात्र जितक्या लवकर विसरता येईल तितकं चांगलं. 'ही लेफ्ट टू मिनिट्स अगो', तो दोन मिनिटांपूर्वी गेला. यापेक्षा नुकतं काय असणार? तरी सिंपल पास्ट. उलट 'द अर्थ्स क्लायमेट हॅज चेंज्ड मेनी टाइम्स' हे वाक्य लाखो वर्षांबद्दल बोलतं आणि प्रेझेंट परफेक्टमध्ये सुखाने बसतं. म्हणजे क्रिया किती जुनी आहे याचा इथे संबंध नाही. 'जस्ट' हा शब्द परफेक्टबरोबर येतो, त्यावरून कुणीतरी 'नुकतीच' उचलला असावा आणि तो व्याख्येत कायमचा मुक्कामाला राहिला.

मग मी शब्दांच्या याद्या केल्या. यस्टरडे, अगो, लास्ट वीक, इन २०१५ हे एका बाजूला, त्यांच्याबरोबर सिंपल पास्ट. सिन्स, सो फार, अप टू नाऊ, येट हे दुसऱ्या बाजूला, त्यांच्याबरोबर परफेक्ट. ही यादी कामाची आहे, आजही कुणी विचारलं तर मी आधी तीच देते. 'व्हेन'ने सुरू होणारा प्रश्नही त्यातच टाकावा: 'व्हेन' विचारतं तारीख, म्हणून 'व्हेन डिड यू कम?' बरोबर आणि 'व्हेन हॅव यू कम?' चूक. मराठीत 'तुम्ही कधी आला आहात?' अगदी सरळ वाटतं, त्यामुळे हा घोटाळा हटकून होतो.

पण यादीची धाव तेवढीच. बहुतेक वाक्यांत असा शब्दच नसतो. आणि काही शब्द दोन्हीकडे जातात. 'धिस मॉर्निंग' घ्या. सकाळी दहाला 'आय हॅव रिटन थ्री लेटर्स धिस मॉर्निंग' म्हणता येतं, कारण सकाळ अजून चालू आहे आणि चौथं पत्र होऊ शकतं. दुपारी तीनला त्याच तीन पत्रांबद्दल बोलायचं तर 'आय रोट'. पत्रं तीच, घड्याळ पुढे गेलं. हे लक्षात आलं तेव्हा मी वार्षिक अहवालांकडे नव्याने बघू लागले. अहवालात 'या वर्षी' असं लिहिलेलं असतं, पण ते वर्ष ३१ मार्चला संपलेलं असतं आणि अहवाल छापून येतो त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणून इंग्रजी अहवाल 'ड्युरिंग द इयर' म्हणतात आणि पुढे सगळा सिंपल पास्ट लावतात.

'फॉर' हा शब्द तर बायोडेटा भाषांतरित करणाऱ्याची परीक्षाच बघतो. एका बाईंच्या बायोडेटात होतं, 'शिक्षिका म्हणून आठ वर्षे काम केले आहे.' त्या अजून शिक्षिका आहेत का? मराठी वाक्य त्याबद्दल मौन पाळून आहे, आणि मराठीत त्याने काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र 'हॅज वर्क्ड ॲज अ टीचर फॉर एट इयर्स' म्हटलं की वाचणारा समजतो, बाई अजून शिकवतात. 'वर्क्ड' म्हटलं की समजतो, सोडलं. मूळ मजकुरात नसलेली माहिती दिल्याशिवाय क्रियापदच लिहिता येत नाही! फोन केला. "अजून त्याच शाळेत आहात का?" "नाही हो, ती नोकरी केव्हाच सोडली. का?" भाषांतरासाठी एवढं कशाला लागतं, हे त्यांना कळेना. 'वर्क्ड' लिहिलं आणि पुढे गेले. उलट चालू नोकरीची वाक्यं मराठीत साध्या वर्तमानकाळात येतात, 'पाच वर्षांपासून काम करते', आणि त्यातूनच ते सुप्रसिद्ध 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' जन्माला येतं. तिथे 'हॅव बीन वर्किंग फॉर' हवं. सुरुवातीची खूण सांगायची असेल तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं असेल तर 'फॉर'.

याद्यांनंतर माझ्या हाती लागला तो परिणामाचा नियम. तो बहुतेक व्याकरणांत असतो: क्रिया झाली आणि तिचा परिणाम आत्ता शिल्लक असेल तर प्रेझेंट परफेक्ट. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही, दाराबाहेर उभी आहे. 'आय लॉस्ट माय की' म्हणजे हरवली होती एवढंच. नंतर सापडलीही असेल. हे समजलं तेव्हा सगळं सुटल्यासारखं वाटलं. पण संपादक बाईंनी एक वाक्य पुढे टाकलं. "समोर भिंतीवर चित्र आहे. कुणी काढलं असं इंग्रजीत विचार." मी म्हटलं, 'हू पेंटेड धिस पिक्चर?' "परिणाम समोर टांगलेला आहे की. मग 'हॅज पेंटेड' का नाही?"

खरंच का नाही? चित्र डोळ्यांपुढे आहे, यापेक्षा ढळढळीत परिणाम कुठला? मग एकामागोमाग एक उदाहरणं आठवायला लागली. अंगात शर्ट आहे, तरी विचारायचं 'व्हेअर डिड यू बाय दॅट शर्ट?' माणूस जिवंत समोर बसला आहे, जन्मल्याचा याहून मोठा पुरावा नाही, तरी तो 'आय वॉज बॉर्न इन...' असंच म्हणतो. परिणामाचा नियम किल्लीला लागू पडतो आणि चित्रापाशी गळून पडतो.

बाईंचं उत्तर असं होतं: चित्र आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. ते नव्याने सांगायचं नाहीये. प्रश्न आहे तो चित्र काढलं गेलं त्या वेळेचा. तेव्हा ब्रश कुणाच्या हातात होता? बोलणं 'तेव्हा'बद्दल आहे, म्हणून सिंपल पास्ट. किल्लीच्या वाक्यात किल्ली कुठे पडली, कधी पडली यात बोलणाऱ्याला रस नाही. त्याला आत्ता घरात जाता येत नाही हे सांगायचं आहे. बोलणं 'आत्ता'बद्दल आहे, म्हणून परफेक्ट. क्रियेकडे कितीही निरखून बघितलं तरी उत्तर मिळत नाही. बोलणारा कुठल्या वेळेबद्दल बोलतो आहे, हे बघावं लागतं. त्यानंतर माझ्या कच्च्या खर्ड्यांच्या समासात बाई एवढंच लिहायच्या: 'तेव्हाचं की आत्ताचं?'

ही गोष्ट तर्काच्या भाषेत आधीच कुणीतरी मांडलेली आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली काळांसाठी तीन बिंदू मानले: क्रिया घडली ती वेळ, आपण बोलतो ती वेळ, आणि ज्या वेळेच्या संदर्भात बोलतो ती वेळ. सिंपल पास्टमध्ये क्रिया आणि संदर्भ दोन्ही मागे, एकाच जागी. प्रेझेंट परफेक्टमध्ये क्रिया मागे, पण संदर्भ बोलण्याच्या क्षणाला चिकटलेला. पास्ट परफेक्टमध्ये तिन्ही वेगवेगळे: 'व्हेन आय अराइव्ह्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट', गाडी आधी सुटली, मी नंतर पोचले, आणि सांगते आहे त्याच्याही नंतर. एवढी आकृती कागदावर काढली की 'यस्टरडे'चा खोडसाळपणा समजतो. 'यस्टरडे' संदर्भाला ओढून कालवर नेतं, आणि परफेक्टने तर तो आजवर बांधून ठेवलेला असतो. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ साली या पेचावर एक लेखच लिहिला: क्रिया खरोखर काल घडली असताना, परफेक्टच्या वाक्यात 'काल' म्हणायला इंग्रजी का मनाई करतं? मला हे वाचून जरा हायसं वाटलं. म्हणजे हे कोडं भाषाशास्त्रज्ञांनाही पडलेलं आहे.

आणि इंग्रजीचा हा हट्ट सगळ्या युरोपचा नाही. जर्मन माणूस 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन' बिनदिक्कत म्हणतो. शब्दशः बघितलं तर 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'. बोलीतल्या फ्रेंचमध्ये तर याच घडणीचं रूप नेहमीचा भूतकाळ होऊन बसलं आहे. त्यामुळे इंग्रजी शिकणारे जर्मन आणि फ्रेंच लोकही नेमके इथेच घसरतात.

आता मराठीकडे येते, कारण माझी खरी अडचण तिथे होती. मराठीत 'आहे' लावलेलं रूप दिसलं की हात आपोआप 'हॅज'कडे जातो. हा रस्ता निम्म्या वेळा चुकीच्या गावाला नेतो. 'तिने लाल साडी नेसली आहे' हे 'शी हॅज वोर्न अ रेड सारी' नाही, 'शी इज वेअरिंग' आहे. 'तो खुर्चीवर बसला आहे' म्हणजे 'ही इज सिटिंग'. 'बाळ झोपलं आहे' म्हणजे 'द बेबी इज अस्लीप'. 'मला ताप आला आहे' म्हणजे 'आय हॅव अ फीव्हर'. या सगळ्यांत मराठी क्रियेच्या वाटेने स्थितीपर्यंत जाते: साडी नेसण्याची क्रिया संपली, म्हणून ती आता अंगावर आहे. इंग्रजी सरळ स्थितीवर बोट ठेवतं. 'हॅज वोर्न' वाचणाऱ्याला वाटतं, बाईंनी ती साडी आयुष्यात कधीतरी नेसलेली आहे.

साध्या भूतकाळाचीही तीच तऱ्हा. बस वळणावर दिसली की आपण म्हणतो 'आली, आली!' अजून ती थांब्यावर आलेलीही नसते. दारातून 'आले हं!' म्हणणारी बाई अजून निघालेली नसते. 'भूक लागली', 'कळलं', 'दमले' ही वाक्यं भूतकाळी दिसतात आणि बोलतात वर्तमानाबद्दल. यांना 'केम', 'अंडरस्टुड' लावत बसलं तर काहीच जमत नाही; 'हिअर कम्स द बस', 'आय ॲम कमिंग', 'आय ॲम हंग्री', 'आय सी'.

सगळ्यात फसवं आहे ते 'होते'. 'मी काल तिला भेटले होते.' यात पास्ट परफेक्ट लिहायचा मोह एवढा दांडगा आहे की 'आय हॅड मेट हर यस्टरडे' आपल्याकडच्या इंग्रजी पत्रांत सर्रास सापडतं. इंग्रजीचा 'हॅड' मात्र विचारतो: कशाच्या आधी? दुसरी घटना दाखवा, मग मी येतो. मराठीच्या 'होते'ला दुसऱ्या घटनेची गरज नाही. ती गोष्ट आता मागे पडली, तिचा आजच्याशी धागा तुटला, एवढं त्याला पुरतं. म्हणून इथे साधं 'आय मेट हर यस्टरडे'. आणि गंमत म्हणजे हेच 'होते' कधी कधी प्रेझेंट परफेक्ट होतं. 'तू कधी समुद्रात पोहायला गेली होतीस का?' याचं इंग्रजी 'हॅव यू एव्हर स्वम इन द सी?' असं आहे, कारण प्रश्न एखाद्या ठरावीक दिवसाचा नसून आजवरच्या सगळ्या आयुष्याचा आहे. ती 'हो' म्हणाली आणि तू पुढे विचारलंस 'कधी?', की लगेच 'व्हेन डिड यू गो?' अनुभव आहे का हे परफेक्टमध्ये, त्या अनुभवाचा तपशील सिंपल पास्टमध्ये. इंग्रजीतल्या कुठल्याही गप्पा ऐका, हा पवित्रा सतत बदलताना दिसेल.

तेव्हा रूपावरून रूप ठरवायचं मी सोडून दिलं. आता मी आख्खा परिच्छेद वाचते आणि मग क्रियापदांना हात लावते. एका अहवालातला परिच्छेद साधारण असा होता: 'संस्थेने नवे वाचनालय सुरू केले आहे. त्याचे उद्घाटन ५ जून रोजी झाले आहे. आतापर्यंत तीनशे सभासद झाले आहेत. वाचनालयातील पुस्तके देणगीदारांनी दिली आहेत.' चार वाक्यं, चारही 'आहे'वर संपणारी, मराठीत एका सुरात. इंग्रजीत ती चार वेगळ्या तोंडांनी बोलतात. पहिलं 'हॅज ओपन्ड': ही बातमी आहे, वाचनालय आता आहे आणि चालू आहे. दुसरं 'वॉज इनॉग्युरेटेड ऑन फिफ्थ जून': तारीख आली, विषय संपला. तिसरं 'सो फार थ्री हंड्रेड पीपल हॅव जॉइन्ड', किंवा आणखी सरळ 'इट नाऊ हॅज थ्री हंड्रेड मेंबर्स'. सभासद अजून होत आहेत.

चौथ्यापाशी मी बराच वेळ बसले. तारीख नाही, 'आतापर्यंत' नाही. पुस्तकं कपाटात आहेत, परिणाम शिल्लक आहे. माझ्या खर्ड्यात 'हॅव बीन डोनेटेड' होतं आणि समासात बाईंचा नेहमीचा प्रश्न. विचार केला तर हे भिंतीवरच्या चित्राचंच वाक्य निघालं. वाचनालय म्हटलं की पुस्तकं आलीच. ती आहेत हे वाचकाने आधीच धरलेलं आहे. वाक्य सांगतं ते एवढंच की ती कुणी दिली. 'द बुक्स वेअर डोनेटेड बाय...' तेच वाक्य 'देणगीदारांनी आणखी पाचशे पुस्तके दिली आहेत' असं असतं, तर 'हॅव डोनेटेड अनदर फाइव्ह हंड्रेड बुक्स' बरोबर ठरलं असतं, कारण ही पाचशे पुस्तकं वाचकाला या वाक्यातच पहिल्यांदा भेटतात. वस्तू ओळखीची असेल तर तिच्या जन्मकथेला सिंपल पास्ट. वस्तूची वर्दी या वाक्यातच द्यायची असेल तर परफेक्ट. हे मला कुठल्याही यादीत सापडलं नव्हतं.

याच्या सरावासाठी बातम्यांसारखी चांगली गोष्ट नाही. इंग्रजी बातमीपत्र ऐकताना मी फक्त क्रियापदं टिपत असे. ठरलेली चाल दिसते: पहिलं वाक्य परफेक्टमध्ये, 'अ ट्रेन हॅज डिरेल्ड', दुसऱ्यापासून सिंपल पास्ट, 'द ॲक्सिडेंट हॅपन्ड ॲट...', 'द ड्रायव्हर सेड...', शेवटी पुन्हा परफेक्ट, 'ॲन इन्क्वायरी हॅज बीन ऑर्डर्ड'. वर्दी, मग तपशील, मग आता काय परिस्थिती आहे. भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी १९७१ साली परफेक्टचे प्रकार पाडताना पहिल्या वाक्यातल्या अशा वापराला 'हॉट न्यूज' म्हटलं, ताजी खबर. छापील मथळ्यांचं शास्त्र वेगळं, तिथे 'ट्रेन डिरेल्स' असा वर्तमानकाळ येतो, त्याचं अनुकरण पत्रात करू नये.

मॅकॉलींच्या लेखाच्या आसपास वाचताना आइन्स्टाइनचं उदाहरण भेटलं. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' (प्रिन्स्टन हे अमेरिकेतलं विद्यापीठाचं गाव) हे वाक्य आज विचित्र वाटतं. 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन' मात्र चालून जातं. क्रिया तीच. पण आइन्स्टाइन १९५५ मध्ये वारले, प्रिन्स्टन अजून आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं तो आजच्या जगात असला पाहिजे, तरच परफेक्टला पाय टेकायला जागा मिळते. मराठीला ही अट मुळीच नाही. 'तुकारामांनी म्हटले आहे' असं आपण सहज लिहितो. वचन आपल्यापाशी आहे तोवर म्हणणारा आपल्यापाशीच आहे. इंग्रजीत तिथे 'सेज' तरी हवं, नाहीतर 'सेड'. दिवंगत लेखकाच्या परिचयात 'त्यांनी बारा पुस्तके लिहिली आहेत' असेल तर 'रोट', हयात असेल तर 'हॅज रिटन'. त्यामुळे एखाद्या अपरिचित नावाचा परिचय हाती आला की मला आधी एक नाजूक चौकशी करावी लागते. "ते... आहेत ना?" पलीकडून क्षणभर शांतता, मग "हो हो, ठणठणीत आहेत. काही ऐकलंत की काय?" यावर 'व्याकरणासाठी विचारलं' असं सांगून कुणाचंच समाधान होत नाही.

नकारार्थी वाक्यांबद्दल थोडक्यात: मराठीतला 'अजून' हा इमानी सोबती आहे. 'पैसे अजून मिळाले नाहीत' म्हणजे 'वी हॅव नॉट रिसीव्ह्ड द मनी येट', मिळण्याची आशा शिल्लक. 'पैसे मिळाले नाहीत' एवढंच असेल तर पुढे-मागे वाचावं लागतं. व्यवहार मिटलेला असेल तर 'डिड नॉट रिसीव्ह', चालू असेल तर 'हॅव नॉट'. वसुलीच्या पत्रात यातलं चुकीचं रूप गेलं तर येणं सोडून दिलं असा अर्थ समोरचा काढू शकतो.

मजकूर अमेरिकेत वाचला जाणार असेल तर काही बंधनं सैल होतात. जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर ब्रिटिश परफेक्ट मागतात, 'आय हॅव जस्ट ईटन', 'हॅव यू फिनिश्ड येट?', अमेरिकन बोलण्यात 'आय जस्ट एट', 'डिड यू फिनिश येट?' सर्रास चालतं. यावरून अमेरिकेत परफेक्ट वापरातून गेला असं काही जण समजतात. तसं नाही. 'सिन्स २०१०' आलं की तिथेही 'हॅव लिव्ह्ड'च, आणि 'यस्टरडे'बरोबर परफेक्ट तिथेही चालत नाही. दोन्हीकडे निभावून नेणारा मजकूर हवा असेल तर मी ब्रिटिश वळण ठेवते; अमेरिकन वाचकाला ते फार तर औपचारिक वाटतं, चूक वाटत नाही.

एवढं सगळं करूनही एका वाक्यावर बाईंचं आणि माझं एकमत झालं नाही. एका जुन्या संस्थेची स्मरणिका होती. ती संस्था काही वर्षांपूर्वी दुसऱ्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. नाव गेलं, पण तिने काढलेल्या शाळा त्याच इमारतींत, त्याच शिक्षकांसह चालू आहेत. वाक्य होतं, 'संस्थेने मुलींच्या शिक्षणाला नेहमीच प्राधान्य दिले आहे.' बाई म्हणाल्या, "संस्था राहिली नाही. आइन्स्टाइनचा नियम. 'ऑल्वेज गेव्ह'." मी म्हटलं, शाळा चालू आहेत, प्राधान्य अजून दिलं जातंय, 'हॅज ऑल्वेज गिव्हन'. "मग कर्ता बदल. 'द स्कूल्स' कर, आणि खुशाल हॅव लाव." पण मूळ वाक्यात कर्ता संस्था होती आणि स्मरणिका काढणाऱ्यांना तीच हवी होती, स्मरणिका निघाली होती ती त्यासाठीच. खर्डा दोनदा इकडून तिकडे गेला. छापून आलं ते 'गेव्ह'. मला ते अजून पटलेलं नाही.